ऑक्टोबरातलं पत्र

माझी बायको सुप्रभा सहा वर्षं एका शेपटाच्या मागे लागली आहे. रुमानियन क्रियापदांच्या शेपटाच्या. माझ्या नोकरीपायी आम्ही जपानात त्सुकुबाला आलो, तेव्हा ही घरी कंटाळेल असं मला वाटलं होतं. तिनं सरळ विद्यापीठात नाव घातलं. पुण्यात कुणी विचारलं की 'भाषेचं काहीतरी करते' म्हणून मी वेळ मारून नेतो.

लॅटिनमध्ये 'मी गात होतो' या रूपाच्या शेवटी 'म' होता. बोलता बोलता तो गळाला. पुढं कित्येक शतकं 'मी गात होतो' आणि 'तो गात होता' यांना रुमानियनात एकच रूप चालत होतं. मग 'म' परत आला. पण हा जुना नव्हे, बहुधा 'आम्ही'च्या रूपाकडून उसना आणलेला. तो कुठल्या पत्रांत आधी दिसतो, ते सुप्रभा शोधत होती. जुन्या पत्रांचे फोटो भिंगातून वाचायचे आणि एकेक कार्ड लिहायचं. सेनबेईचे, म्हणजे तांदळाच्या खारट बिस्किटांचे, अकरा रिकामे डबे कार्डांनी भरले. काम पुरं झाल्याशिवाय प्राध्यापकांना दाखवायचं नाही, हा तिचा हट्ट.

शशांक तिच्याच विभागात नाशिकहून आला. कचरा वेगळा कसा करायचा इथपासून तिनं त्याला शिकवलं. दर बुधवारी तो आमच्याकडे आमटी-भाताला. त्याचं संशोधन अडलं तेव्हा त्यानं कार्डांच्या प्रती मागितल्या. सुप्रभा घुटमळली. मीच म्हणालो, "अगं, दे की. आपलाच माणूस आहे."

मे महिन्यात झेमीत, म्हणजे त्यांच्या साप्ताहिक बैठकीत, शशांकनं निबंध वाचला. विषय तिचा, पत्रं तिची, क्रमसुद्धा डब्यांचाच. आभारात प्राध्यापक, ग्रंथालय, आईवडील. सुप्रभा नाही. मेल्यानं आमटीलासुद्धा जागा ठेवली नव्हती!

त्यांच्याकडे पहिला प्रश्न पुढच्या आठवड्याच्या वक्त्यानं विचारायचा असतो. ती सुप्रभा होती.

"हे पत्र ऑक्टोबरचं आहे. साल १६१२ कसं काढलंत?"

त्या पत्रांवर जगाच्या उत्पत्तीपासूनचं साल असतं. यावर ७१२० होतं. त्यातून ५५०८ वजा करतात. पण त्यांचं वर्ष सप्टेंबरात लागायचं, म्हणून ऑक्टोबरच्या पत्राला ५५०९, म्हणजे साल १६११. ही चूक सुप्रभाचीच होती. प्रती शशांककडे गेल्यावर तिनं आपल्या कार्डावर ती सुधारली. आता तरी 'कार्डं वहिनींची' असं त्याच्या तोंडून निघेल, अशी तिची आशा.

शशांक वाकून म्हणाला, "माफ करा. ते साल सुप्रभा-साननी काढलंय. माझी काही कार्डं त्यांनी उतरवून दिली होती. मी तपासायला हवं होतं."

प्राध्यापकांनी मान हलवली. "मदतनिसाचं काम तपासूनच घ्यावं," ते म्हणाले. आणि लगेच दुसऱ्याला प्रश्न विचारायला सांगितलं.

बुधवारी बैठकीचं टिपण आलं. तिनं ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं. अख्ख्या कागदावर तिचं नाव एकदाच होतं: 'साल चुकले, सुप्रभा-सान.'

माझं डोकं फिरलं. "थांब, आत्ता जाऊन गचांडी धरतो त्याची!"

"कुणाची?" ती म्हणाली. "द्यायला तू सांगितलंस." आणि तिनं मला आमटी वाढली.