निळ्या कोपऱ्यातली मोजणी

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या ओतिलिया बाई मधल्या सुट्टीत मक्याची टोर्टिया गार होईपर्यंत तिच्याकडे नुसत्या बघत बसतात. "बाई, खा की, ती काय आपणहून तोंडात उडी मारणार आहे का?" असं मी म्हटलं की "हो, खाते सर" म्हणतात आणि खातात. भुकेने नव्हे, मी म्हटलं म्हणून. सहा वर्षं हे असंच चाललंय. त्यांचा मुलगा एलादियो विंचू चावून गेला; तेपिक शहरातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. त्या दिवशी बाई रडल्या नाहीत, आणि त्यानंतर हसल्याही नाहीत. नवऱ्याने वर्षभर वाट पाहिली आणि तो उत्तरेला, सीमेपलीकडे कामाला निघून गेला. रविवारी त्याचा फोन येतो. बाई तब्येत विचारतात, हवापाणी सांगतात, ठेवतात.

यंदा वरून हुकूम आला, की विषय वेगवेगळे शिकवायचे नाहीत, सगळ्यांनी मिळून प्रकल्प करायचे. वरच्यांना काय, हुकूम सोडायला पैसे पडत नाहीत. महिनाअखेरच्या शुक्रवारच्या सभेत आम्ही सगळे मास्तर छताकडे बघत बसलो होतो. तेव्हा ओतिलिया बाई म्हणाल्या, "कब्रस्तान घेऊ." दगडांवरच्या तारखा गणिताला, आजार विज्ञानाला, माणसं इतिहासाला. मुलांनी घरोघरी स्पॅनिशमध्ये विचारायचं आणि कबरीपाशी उभं राहून इंग्रजीत सांगायचं. फाटकाच्या आत फक्त इंग्रजी. त्यांचं पोर तिथेच पुरलेलं आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाची बोलायची छाती झाली नाही. मी गणिताचा मास्तर, मी "बरं" म्हणालो.

खोटं कशाला बोला, काम झकास झालं. एरवी वर्गात 'गुड मॉर्निंग'च्या पुढे न जाणारी मुलं कुणाच्या तरी पणजोबांच्या उरावर उभी राहून तावातावाने इंग्रजी बोलायला लागली. एकाने क्लेमेंते आजोबांना खेचराने लाथ कशी मारली ते करून दाखवताना स्वतःच आपटी खाल्ली. सगळे हसले. बाईंनी त्याचं क्रियापद सुधारलं आणि गुडघ्यावरची माती झटकली.

मग माझ्या तासाला सरासरी वय काढायला घेतलं, तर ते आलं सत्तरच्या वर.

"अरे, उन्हातान्हात ऊस तोडून आपल्या ला नोरिया गावात सत्तरी गाठतं कोण?" मी ओरडलो. "काय गाळलंत?"

"काही नाही सर," यारेली म्हणाली. वर्गातली सगळ्यात नेटकी पोर ती. "मेलेले सगळे घेतलेत."

"आणि त्या कोपऱ्यातल्या निळ्या कबरी? त्या कुणी खाल्ल्या?"

"ते देवदूत आहेत ना सर! ते थोडेच मेलेत?"

सगळा वर्ग माना डोलवत होता. त्यांचं तरी काय चुकलं? लहान मूल गेलं की आमच्याकडे ते मेलं म्हणतच नाहीत. पांढरे कपडे घालून, फटाके उडवून त्याला पोचवतात, कबर आभाळासारखी निळी रंगवतात. आईला बजावतात, रडू नकोस, पंख भिजले तर त्याला वर जाता येणार नाही. एलादियोच्या वेळी बाईंच्या सासूबाई हेच बजावत शवपेटीपाशी पहाऱ्याला उभ्या होत्या. काय धीराची बाई, असं अख्खं गाव म्हणालं.

मागच्या बाकावर बाई तक्त्याचा पुठ्ठा कापत होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"त्यांनाही मोजायचं," त्या म्हणाल्या.

"पण बाई, आजी म्हणते..."

"मोजायचं. चला."

कब्रस्तानातल्या निळ्या कोपऱ्यात मुलं भराभर पांगली. एका कबरीपाशी मात्र कुणीच जाईना. शेवटी यारेली गेली.

"बाई, इथलं कुणाला विचारू?"

"फाटकाच्या आत कुठली भाषा बोलायची?"

पोर कागदावरचे प्रश्न अडखळत इंग्रजीत विचारायला लागली.

"याचं नाव काय?"

"एलादियो."

"वय किती होतं?"

"पाच."

पुढचा प्रश्न तिच्या तोंडून निघेना. "कागदावर आहे ते विचार," बाई म्हणाल्या.

"कशाने मेला?"

"विंचवाने. विंचू बुटात होता. बूट मी त्याच्या पायात घातला." फळ्यावरचा धडा वाचावा तसा बाईंचा आवाज सपाट होता. "तो नको म्हणत होता. मला शाळेला उशीर होत होता. तो ओरडला. मला वाटलं, नाटक करतोय. मी नाडी बांधली. मग दुसरा बूट घातला."

सहा वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. आम्ही आपले त्यांच्या धीराचं कौतुक करत बसलो होतो. मला माझी, सगळ्या गावाची लाज वाटली. बाई, तुमचा काही दोष नाही, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण माझं इंग्रजी कच्चं, आणि स्पॅनिशमध्ये त्यांनी ते ऐकून घेतलं नसतं.

यारेलीने कागद खाली केला. पुढचं त्यावर लिहिलेलं नव्हतं. शब्द जुळवत जुळवत ती इंग्रजीत म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "वाक्य बरोबर आहे." आणि त्या कबरीपाशी बसून रडायला लागल्या.