सुकाणू तिच्या काखेत

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की तिकडच्या नदीवर होडी चालवायला शिकताय, म्हणून हे आजच लिहिते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मैत्रिणींनी मालाडजवळच्या खाडीत दिवसभर फिरायला होडी घेतली. चालवणारी कोळीण एरवी मासे विकायची. नवऱ्याचा हात मोडला म्हणून त्या दिवशी तिने पहिल्यांदाच माणसं बसवली होती. धक्क्यावरून एकजण ओरडला, "वहिनी, तू टोपलीच सांभाळ. होडी आपटलीस तर उद्या कोण बसणार?"

"संध्याकाळी इथंच थांब," ती म्हणाली.

सुकाणूचा दांडा काखेत धरून ती निवांत बसली. काठच्या तिवरांच्या झाडीत बगळे दिसले की इंजिन बंद करायची आणि आम्हालाही गप्प बसवायची.

परतलो तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि धक्क्यावर बघे जमले होते. तिने लांबूनच इंजिन बंद केलं. होडी नुसती सरकत येऊन टेकली, माझ्या हातातला चहासुद्धा हिंदकळला नाही.

"भाऊ, आता दोर तरी पकड," ती त्याच माणसाला म्हणाली. त्याने वाकून पकडला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

नवऱ्याचा हात केव्हाच बरा झाला. होडी अजून तीच चालवते.