गळ्यात लिंग, हातात मासा

आमच्या त्रिवेणीला समुद्राचं वेड लागलं तेव्हा तिनं समुद्र पाहिलासुद्धा नव्हता. सोनपेठची पोर, मोठं पाणी म्हणजे गोदावरी एवढंच ठाऊक. त्यात घर लिंगायताचं. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. पण वेडाला कारण लागतं का? एखादीला नट आवडतो, हिला खेकडे आवडले.

माझी बहीण, म्हणजे तिची आई, गेल्यावर ती कॉलेजसाठी माझ्याकडं पूर्णेला राहिली. प्राणिशास्त्र घेतलं. मासा चिरायचं प्रॅक्टिकल असलं की घरी येऊन आधी मोरीत शिरायची, डोक्यावरून पाणी घ्यायची आणि मगच लिंगपूजेला बसायची. मी म्हणायचे, "अगं, इतकं घासशील तर कातडी निघंल." त्या बाबतीत मात्र तिला थट्टा खपायची नाही.

पदवी झाल्यावर तिला कोकणातल्या एका संस्थेत सागरी जीवशास्त्र शिकायचं होतं. तिथं आधी किनाऱ्यावर शिबिर घेतात, त्यात जो टिकेल त्यालाच प्रवेश. तिचे वडील लिंगराज, माझे दाजी, कापड दुकानदार. बोलायला कमी आणि शब्दाला पक्के. ते म्हणाले, "जा. मासे चिर, खेकडे धर, मी काई म्हणणार न्हाई. पण गळ्यातलं लिंग उतरायचं न्हाई. ज्या दिवशी उतरलं, त्या दिवशी परत यायचं."

त्रिवेणी लगेच हो म्हणाली. आमच्यात दीक्षेत मिळालेलं लिंग डबीत घालून गळ्यात बाळगतात, ते कधी अंगावेगळं करत नाहीत. माणूस गेला तरी ते त्याच्यासोबत पुरतात. ही काय अवघड अट आहे, असं मलाही वाटलं.

शिबिरात ओहोटीला खडक उघडे पडले आणि पोरं त्यांच्या खाचांतून मासे, गोगलगायी गोळा करायला उतरली. वाकलं की गळ्यातलं लोंबून माखल्या हातांना लागणार, म्हणून हिनं काय करावं? गळ्यातली लिंगाची डबी काढली, टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि पिशवी एका कोरड्या ठणठणीत खडकावर ठेवली. गोदावरीवर आम्ही सगळे पिशव्या अशाच ठेवतो. तिथं उन्हाळ्यात कोरडा खडक कोरडाच राहतो. भरती-ओहोटीवर परीक्षेत पानंच्या पानं लिहिलेली ही पोर. पण पुस्तक राहिलं बाजूला आणि हाताला नदीचीच सवय. तिनं मान वर केली तेव्हा खडक पाण्याखाली गेला होता.

छातीएवढ्या पाण्यात शिरून ती तळ चाचपत राहिली. बरोबरच्या मुलींनी तिला ओढून बाहेर काढलं. मग मला फोन.

"मावशी, लिंग गेलं. अप्पाला काय सांगू मी? माझं सगळं संपलं."

"दुसरं आणू की. कुणाला कळायलंय?"

"मला कळंल," ती म्हणाली आणि हुंदके देत राहिली.

शिबिर संपलं, तिची निवड झाली आणि ती थेट सोनपेठला येऊन दाजींपुढं उभी राहिली. काही न लपवता सगळं सांगितलं. मी मधे पडले, "दाजी, हरवलं ते. पोरीनं फेकलं न्हाई."

"हरवल्याचं काई न्हाई. मठातले स्वामी दुसरं देतील. पण काढलं कशाला?"

"माशाचे हात लागू न्हाईत म्हणून, अप्पा."

"म्हणजे ते काम तुलाच विटाळाचं वाटायलंय. देवापासून लपवायचं काम जन्मभर कसं करशील?"

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. स्वामींनी नवं लिंग दिलं, ते तिनं गळ्यात घातलं; पण जेवण सुटलं, बोलणं सुटलं. प्रवेशाची मुदत संपत आली होती. "मावशी, मला तिकडंबी जाता येईना आन् इकडंबी राहता येईना," एवढंच ती म्हणायची. मला तिच्याबद्दल भीती वाटायला लागली.

आठवडी बाजाराच्या दिवशी ती उठली आणि मासे विकणाऱ्या कडूबाईकडून एक मासा घेऊन आली. घरात आणला नाही. परसात, बाभळीखालच्या दगडावर ठेवला. दाजींना बाहेर बोलावलं. उजव्या हातात पातं घेतलं आणि डावा हात आपोआप गळ्यातल्या लिंगावर गेला, तो तिथंच घट्ट. मासा एका हातानं चिरता येत नाही. मला वाटलं, हरली.

मग तिनं डावा हात सोडला. लिंग छातीवर लोंबलं. तिनं मासा धरला आणि चिरला. डोळ्यांचं पाणी माशावर पडत होतं. शेवटी त्याच माखल्या बोटांनी तिनं लिंग उचललं आणि कपाळाला लावलं.

दाजी पायरीवर बसले. "मला वाटलं, तुला जमणार न्हाई," ते म्हणाले. "म्हणूनच इचारलं होतं." एवढा मोठा माणूस, बाहीनं डोळे पुसायला लागला.

जाऊ नको असं ते म्हणाले नाहीत. सकाळी निघताना त्रिवेणीनं त्याच, मासा चिरलेल्या हातांनी पाण्याचा तांब्या भरून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तोंड फिरवलं नाही, पण हातही पुढं केला नाही. बस लागल्याचं सांगायला मी आत आले, तरी ती तांब्या धरून तशीच उभी होती.