नलूताईंची हाक

नलूताईंनी पहिल्याच दिवशी माझा हात धरला. प्रेमानं नव्हे, चोर पकडतात तसा. माझी लेक सई, जेमतेम साडेतीन वर्षांची, सँडलच्या बक्कलशी झटत होती आणि मी सवयीनं खाली वाकले होते. "हात मागे," त्या म्हणाल्या. "तिचे नाही, तुमचे." स्वतःचेही हात पाठीमागे बांधून त्या शेजारी उभ्या राहिल्या. बक्कल लागेपर्यंत माझी ऑफिसची बस गेली. मला त्या बाई अजिबात आवडल्या नाहीत.

मीरा रोडच्या आमच्या माँटेसरीत त्या बालवर्गाच्या ताई. मूळच्या इथल्याच गोडदेव गावच्या. घरची भातशेती इमारतींखाली गेली, पण बोलण्यातलं हाय-न्हाय शिल्लक होतं. रागावल्या की ते बाहेर पडायचं. वर्गात तीन बायका आणि तीन भाषा. मिस इंग्रजी बोलायच्या, दीदी हिंदी आणि नलूताई मराठी. गुजराती आया दारात "बेन, हिंदी में बताओ ना" म्हणाल्या की नलूताई दारात हिंदीतच सांगायच्या, आत गेल्या की पुन्हा मराठी. दिवाळीपर्यंत त्याच आयांची पोरं "ताई, मला अजून पाणी ओतायचंय" म्हणून हट्ट करायची. पालक भेटायला आले की त्यांना मुलांच्याच खुर्चीवर बसवायच्या. गुडघे हनुवटीला लागले की माणसाला फार ऐट करता येत नाही. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या हाताखालून गेलेली, आता दहावीत असलेली पोरं नाटकाची तालीम सोडून, कबड्डीच्या मैदानावरून धुळीच्या पायांनी त्यांना भेटायला आली होती.

आमचं दुखणं वेगळंच होतं. सई घरी पोपटासारखी बोलायची आणि शाळेत एक अक्षर नाही. तिन्ही भाषांत गप्प. मणी ओवायची, वस्तू जागच्या जागी ठेवायची, तोंड मात्र शिवलेलं. वर्ष सरत आलं. डॉक्टरांनी कान तपासले, ठणठणीत निघाले. मग माझ्या नणंदेनं निदान केलं, "इतक्या भाषांत पोरगी गोंधळलीय. घरी आता इंग्लिशच बोला." परळचं घर सोडून आम्ही इथे आलो ते पोरीचं भलं व्हावं म्हणून, आणि तिचंच वाटोळं करतोय की काय, या धास्तीनं मला झोप लागेना. आठवडाभर मी तिच्याशी घरी इंग्रजीत बोलले. ती घरीही गप्प व्हायला लागली.

नलूताईंना हे सांगितलं तर भडकल्याच. "मूल काय कुकर हाय, शिट्टी झाली न्हाय म्हणून झाकण उचकटायला? घरात तिची भाषा हाय, तेवढी तरी राहू द्या तिला."

"तुमचं काय जातंय?" मीही तोंड सोडलं. "मला एकच मुलगी आहे."

त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझंही जातंय हो. घरी गेले तरी डोक्यात तीच असते. सुट्टी लागेपर्यंत थांबा." त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून मी हो म्हटलं, पण मनातून ठरवलं होतं, सुट्टीनंतर दुसरी शाळा.

सुट्टीच्या आदल्या आठवड्यात पालकांना वर्ग बघायला बोलावलं. कोपऱ्यात बसायचं, बोलायचं नाही. शेवटी मौनाचा खेळ होता. मुलं डोळे मिटून बसतात, ताई शेजारच्या खोलीतून कुजबुजत एकेकाचं नाव घेतात, आणि ज्याचं नाव येईल त्यानं पाय न वाजवता उठून तिकडे जायचं. नलूताईंचा त्या दिवशी घसा बसला होता. त्यांनी सईजवळ बसून तिच्या कानात काहीतरी विचारलं आणि थांबल्या. ओढलं नाही, पुन्हा विचारलंही नाही. बऱ्याच वेळानं सई उठली आणि दोघी शेजारच्या खोलीत गेल्या.

खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते. आतून काहीच येईना. कशाला पोरीची अशी सगळ्यांदेखत परीक्षा घ्यायची, असं वाटून मी उठणारच होते.

तेवढ्यात, ऐकू येईल न येईल असं, आलं, "जिनल."

जिनल उठून गेली. मग "फरहान." मग "आर्या." मग "रुद्र." वर्षभर जिनं कुणाला हाक मारली नव्हती, तिला सगळ्यांची नावं येत होती. मी तोंडावर पदर धरून रडत होते. आवाज करायचा नव्हता ना.

खोलीत एकही मूल उरलं नाही. खेळ संपला असं समजून मी पर्स उचलली. तेव्हा आतून हळूच हाक आली, "आई."

मी पाय न वाजवता उठले आणि तिच्याकडे गेले.