दंडावरचं सुकेपर्यंत

साठच्या दशकातल्या एका वैशाखात, कडावजवळच्या आमच्या गावात, वणआत्या भर दुपारी गावविहिरीच्या काठावर जाऊन बसली. ती बौद्धवाडीतली. त्या विहिरीवर तिला बंदी होती.

लहानपणी देवी येऊन गेल्याने तिचा चेहरा वणांनी भरलेला होता. नाव त्यावरूनच पडलं. ती ते वण पदराआड करत नसे. साथ आली की दाराला लिंबाचे डहाळे टांगलेल्या घरात ती सरळ शिरे, आजाऱ्याला पाणी पाजी, माश्या वारी. भीती वाटत नाही का, असं कोणी विचारलं की म्हणे, "माज्या अंगाला तिची वळख हाय. परत घुसू देत नाय." साथीत तिचा विटाळ कोणी मानत नसे. आजारी उठून बसला की ती पुन्हा अंगणाबाहेर.

आदल्या वर्षी ती आमच्या घरी अशीच आली. माझी बहीण कुसुम सहा वर्षांची होती. तिला देवी टोचल्या होत्या, तरी ती गेली. आत्याने तिचा दंड आईला दाखवला. टोचल्याची खूण उठलीच नव्हती.

"धुतलंस ना गं?"

आईने मान हलवली.

धुतलं सगळ्यांनीच होतं. लस टोचणाऱ्याला गाव देवीडॉक्टर म्हणे. ते आधी बौद्धवाडीत टोचत, मग गावात येत. तो विटाळ नको म्हणून माणसं घरात शिरण्याआधी विहिरीवर अंग धूत. दंडावरची ओली लस त्यातच जाई.

यंदा टोचणं सुरू होताच आत्या विहिरीवर जाऊन बसली. पाटील धावत आले. ऊठ, विहीर बाटली, म्हणाले.

"बाटली नं? मंग आता कुनी धुवायला येनार नाय," आत्या म्हणाली. "दंडावरचं सुकलं का उटते."

एक दगड आला, तिच्या खांद्याला लागला. ती हलली नाही. ओढा आटलेला, बाटलेल्या पाण्याला कोणी हात लावेना आणि न धुता कोणी घरात शिरेना. टोचलेली सगळी माणसं चिंचेखाली बसून राहिली. धाकट्या भावाला मांडीवर घेऊन आईही त्यांत होती. बाकीच्या बायका आत्याला शिव्या देत होत्या. आई भावाचा दंड सुकतोय का बघत होती. ऊन कलल्यावर आत्या उठली आणि अंधार पडल्यावर माणसं नाइलाजाने तशीच घरात शिरली.

आठव्या दिवशी भावाच्या दंडावर फोड धरला. पुढच्या महिन्यात साथ आली. त्या दुपारी टोचलेल्यांपैकी कोणालाही देवी आल्या नाहीत. विहीर मात्र दुसऱ्याच दिवशी उपसून, गोमूत्र शिंपडून शुद्ध करण्यात आली होती.

आत्या ऐंशी सालच्या सुमारास वारली. त्या दुपारी ती विहिरीचं पाणी प्यायली की नाही, यावर गावात वाद होता. निवृत्त देवीडॉक्टरांना मी कर्जतला गाठून विचारलं. त्यांनी सांगितलं, प्यायली. पोहरा ओढून, दोनदा.