वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे: पावणेदोन मैलांचं विमान

माझ्या नवऱ्याला, सुहासला, आडबाजूच्या विमानतळांमधली अंतरं शोधायचा नाद होता. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनीतल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण होतं, हे त्यानेच आम्हाला सांगितलं. अंतर पावणेदोन मैल, मध्ये समुद्र. "आईला घेऊन जाऊ," म्हणायचा.

मागच्या वर्षी तो ऑपरेशनला गेला, तो परत आला नाही. घरातून निघणाऱ्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायची, ही माझ्या सासूबाईंची पद्धत. त्या दिवशीही ठेवली होती. नंतर त्यांनी ती बंद केली, त्याचं नाव घेणं बंद केलं आणि घराबाहेर पडणंही. म्हणून मी आधी दोन तिकिटं काढली आणि मग त्यांना सांगितलं. लेस्टरहून आम्ही रिकाम्या हातांनी निघालो.

जाणाऱ्यांसाठी थोडं. ट्रेनने एडिनबरो, तिथून विमानाने कर्कवॉल, म्हणजे ऑर्कनीतलं मुख्य गाव. खरा खर्च इथपर्यंतचाच. कर्कवॉलहून आम्ही फेरीबोटीने वेस्ट्रेला गेलो आणि रात्री एका बीअँडबीमध्ये, घरगुती लॉजमध्ये, राहिलो. काही विमानं कर्कवॉलहून थेट पापाला जातात, तेव्हा वेस्ट्रेचा टप्पा आहे ना, ते विचारून घ्या. वेबसाइटवर उड्डाणाची वेळ अर्धा तास दिसते, कारण चढण्या-उतरण्याचा ठरावीक वेळ त्यात धरलेला असतो. प्रत्यक्षात दोन मिनिटंही लागत नाहीत.

सकाळी नाश्त्याच्या टेबलावरून आईंनी दह्याची छोटी डबी आणि साखरेची पुडी पर्समध्ये टाकली. मला वाटलं, वाटेत भूक लागेल म्हणून.

वेस्ट्रेचा विमानतळ म्हणजे शेताच्या कडेला एक बसकी इमारत. वारा असा, की आईंचा पदर कोटाबाहेर फडफडत होता. विमान उतरलं.

"अगं, हे विमान आहे की रिक्षा? मी नाही बसत. तू ये जाऊन."

"आई, इथपर्यंत आलोय..."

"एकदा सांगितलं ना!"

तेवढ्यात वैमानिक जवळ आली. तिशीची मुलगी, केस वाऱ्याने विस्कटलेले. तिने आईंना विचारलं, "माझ्या शेजारची सीट रिकामी आहे. बसणार?"

आई माझ्याकडे वळल्या. "ही चालवणार?"

"हो."

त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग पर्स उघडली, डबीत साखर घातली आणि इंग्रजीत म्हणाल्या, "हात पुढे कर." मुलीने गोंधळून तळहात पसरला. आईंनी चमचाभर दही ठेवलं. तिने ते चाटलं आणि विचारलं, "अजून आहे?"

आई हसल्या. किती महिन्यांनी! "आधी नीट पोहोचव, मग देते," म्हणाल्या आणि स्वतःहून पुढच्या सीटवर चढल्या.

पट्टा लावेपर्यंत आम्ही हवेत. खाली हिरवट समुद्र, फेसाची रेघ, लगेच कुरणं, मेंढ्या आणि चाकं जमिनीला लागली.

"आलं पण?" आई ओरडल्या. विमानातले सगळे हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आईंनी डबी वैमानिक मुलीच्या हातात ठेवली.

पापावर आम्ही किनाऱ्यालगतच्या पुरातन दगडी घरापर्यंत चालत गेलो. तिकडे जाणार असाल तर वारा अडवणारं जाकीट घ्या, छत्रीचा उपयोग नाही. परत आल्यावर दुकानाजवळ गरम सूप प्यायलो.

लेस्टरला आल्यावर शनिवारी आई माझ्याबरोबर भारतीय दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडला भाजीला आल्या. दोन मिनिटांचं उड्डाण सांगायला त्यांनी अर्धा तास घेतला. मागे रांग लागली. दुकानदाराने विचारलं, "माँजी, असलं विमान तुम्हाला सापडलं कुठे?"

"मला कुठलं सापडतंय," आई म्हणाल्या. "माझ्या सुहासने शोधलं."