कोयंडा नसलेलं दार

रावसाहेब गेले हे मला व्हॉट्सअॅपवर कळलं. कचेरीच्या ग्रुपवर आधी जोडलेले दोन हात आले, मग 'भावपूर्ण श्रद्धांजली', मग हातांची रांगच लागली, आणि मधेच कुणीतरी वाढदिवसाचा केक धाडला. तो केक कुणी मागंही घेतला नाही. सणसरला घरी, उसाला पाणी देऊन आले, चहा मागितला, आणि कप पुढं येईस्तोवर माणूस गेलेला... हे मला पुढं त्यांच्या बायकोनं सांगितलं. ग्रुपवर कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

जाधव रावसाहेब शाखा अभियंता होते. आमच्या भागात बांधकामाच्या इंजिनिअरला रावसाहेबच म्हणतात. इंदापूर तालुक्यातल्या ज्या कचेरीत मी कारकुनी करून निवृत्त झाले, तिचं नूतनीकरण त्यांनी केलं, तेही कचेरी चालू ठेवून. कचेरी कुठली ते लिहीत नाही, माझी पेन्शन चालू आहे. माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. शर्ट बाहेर, कानावर पेन्सिल, आणि नमस्कार-चमत्कार काही नाही. माझ्या टेबलावर टिचकी मारून म्हणाले, "बाई, टेबल उचला. उद्या ही भिंत न्हाय." मी म्हटलं, "मग मी बसू कुठं?" तर म्हणाले, "बसा की हितंच. भिंतीबिगर बी बसता येतं." मला असा संताप आला! पण खरोखरच पुढचे कित्येक महिने आम्ही ताडपत्रीच्या आडोशाला बसून दाखले दिले. डब्यात सिमेंट, केसांत सिमेंट. भवानीनगरहून आलेला माणूस आपलं नाव ओरडून सांगायचा आणि मी ते ओरडून विचारायची. ठोकाठोक शक्यतो सकाळी कचेरी उघडायच्या आत आणि सुट्टीच्या दिवशी करायची, हा त्यांचा नियम. तरी एकदा गवंड्याच्या छिन्नीनं वायर तुटली, सगळे कॉम्प्युटर गपगार पडले, आणि साहेबांनी रावसाहेबांना नोटीस काढली. रावसाहेबांनी ती घडी घालून गवंडी उभा राहायचा त्या डगमगणाऱ्या घोडीच्या पायाखाली सरकवली.

सरकारी इमारतीचं नूतनीकरण कसं होतं हे ज्यांनी पाहिलं नाही ते भाग्यवान. आधी साहेबांचं दालन तयार होतं. खाली गुळगुळीत फरशी, वर फॉल्स सीलिंग, त्यात निळे दिवे, आणि सोफा. मग निधी संपतो. मग फीत कापतात. आणि लोक पूर्वीच्याच फुटक्या बाकावर, पूर्वीच्याच पंख्याखाली. आमचे त्या वेळचे साहेब तर वास्तुशास्त्रवाल्याला घेऊनच आले होते. खुर्ची पूर्वेला फिरवली की फायली आपोआप निकाली निघतात, अशी त्यांची समजूत. रावसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुमचं आधी करतो की. पण मग भायेरचं फोडताना धुरळा तुमच्याच सोफ्यावर बसणार." साहेबांनी जागच्या जागी क्रम बदलला. आधी लोकांचा व्हरांडा, मग आम्ही, मग साहेब! आमच्या कचेरीत असं पहिल्यांदाच झालं, आणि ते एका सोफ्याच्या काळजीनं झालं.

आता खऱ्या गोष्टीवर येते. त्या इमारतीत बायकांसाठी एकच संडास होता आणि त्याला कायम कुलूप. किल्ली बबन शिपायाच्या ड्रॉवरमध्ये. हरवू नये म्हणून ती हातभर लाकडी ठोकळ्याला बांधलेली. म्हणजे जिला जायचं असेल तिनं भर हॉलमध्ये बबनसमोर उभं राहायचं, किल्ली मागायची आणि तो ठोकळा हातात मिरवत सगळ्या पुरुषांच्या देखत जायचं. गावाकडून आलेल्या बायका तर मागायच्याच नाहीत. सकाळच्या एसटीनं यायच्या आणि घरी जाईस्तोवर घोटभर पाणी प्यायच्या नाहीत. मी तरी काय वेगळं केलं? नोकरीभर तहान मारली, आणि त्याचं दुखणं अजून अंगावर वागवते आहे. एकदा मी तो ठोकळा घेऊन चालले होते आणि रावसाहेब समोर आले.

"ह्ये काय?"

"किल्ली."

"आन् कुलूप कशापायी? आतनं काय चोरीला जातंय?"

मी ठोकळा पदराआड घेतला. लाजेनं मेल्यासारखं झालं आणि त्यांचा रागही आला. बायकांच्या गोष्टीत या माणसाला काय करायचंय, असं मनात म्हटलं.

नव्या नकाशात बायकांचा संडास व्हरांड्याच्या कडेला, साहेबांच्या दालनाला लागून होता. तो बांधून झाला, टाइल्स बसल्या, पाणी आलं, आणि मग साहेबांना तो आवडला. आयत्या बिळावर नागोबा! म्हणाले, आतून एक दार काढा, व्हरांड्याकडचं बुजवा, बायकांचं मागाहून बघू. 'मागाहून बघू' म्हणजे काय ते आमच्या कचेरीत पोरंसुद्धा जाणतात. रावसाहेब "बरं" म्हणाले. मी मनात म्हटलं, झालं, हाही त्यातलाच निघाला. आणि सोमवारी येऊन बघते तर दालनाच्या बाजूला, दार काढायचं होतं तिथं, दणदणीत विटांची दुसरी भिंत. साहेब लालेलाल. रावसाहेब शांतपणे म्हणाले, "हितं पिलर हाय. कमजोर झालाय. दार पाडलं तर स्लॅब डोक्यात यील." साहेबांनी वर बघितलं आणि पूर्वेची खुर्ची हळूच पश्चिमेला ओढली. मग वास्तुशास्त्र कुठं गेलं कुणास ठाऊक. दुपारी मी हळूच विचारलं, "रावसाहेब, पिलरचं खरं का?" म्हणाले, "पिलर हाय कुठं तितं? बघितलं तरी का कुणी?"

व्हरांड्याकडचं दार त्यांनी स्वतः उभं राहून सुताराकडून बसवून घेतलं. आतून भक्कम कडी, आणि बाहेरून काहीच नाही. कुलूप लावायला कोयंडाच ठेवला नाही. बबन म्हणाला, "रावसाहेब, कोयंडा इसरला." ते म्हणाले, "इसरलो न्हाय." एवढंच. फीत कापायच्या आधीच त्यांची बदली पार भोरला झाली. कोनशिलेवर नावं बघा, सगळी आहेत. ज्यांनी त्या कचेरीत एकदा सरबत घेतलं त्यांचंसुद्धा आहे. रावसाहेबांचं नाही.

पण सुट्टीला सणसरला आले आणि बारामतीला जायला निघाले, की वाट वाकडी करून ते कचेरीत यायचे. साहेबांना भेटायचे नाहीत. सरळ व्हरांड्यात जायचे, त्या दाराच्या बाहेरच्या अंगाला अंगठा फिरवायचे, आणि मग माझ्याकडं येऊन चहा घ्यायचे. साहेबांच्या हुकमानं बबननं एकदा कोयंडा ठोकला होता. रावसाहेबांनी पिशवीतून पेचकस काढला, स्क्रू सोडवले आणि कोयंडा उपटून बबनच्याच हातात दिला. ते असेपर्यंत पुन्हा कुणाची छाती झाली नाही.

शोकसभेला मला बोलावणं आलं. नव्या सभागृहात, निळ्या दिव्यांखाली, रावसाहेबांचा फोटो, तोही ओळखपत्रावरचा मोठा केलेला. आताचे साहेब त्यांना एकदाही भेटलेले नाहीत, तरी अर्धा तास बोलले. 'कर्तव्यदक्ष', 'मनमिळाऊ'... मनमिळाऊ! तो माणूस? मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हे. मला ऐकवेना. मी उठून व्हरांड्यात आले. दारापाशी एक म्हातारी डोक्यावर पदर घेऊन अवघडून उभी होती. दाराला नवाकोरा कोयंडा, आणि त्यात पितळी कुलूप. माणसाचा दहावा होऊन अजून फार दिवस झाले नव्हते. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला.

आत गेले तर सगळे दोन मिनिटं मौन धरून उभे. मी मोठ्यानं म्हटलं, "साहेब, किल्ली कुणाकडं आहे?"

साहेबांनी डोळे उघडले. "कसली किल्ली?"

"बायकांच्या संडासाची."

"मॅडम, मौन चाललंय. दोन मिनिटं थांबा ना."

"मी थांबते. बाहेरची म्हातारी थांबतीय का ते तुम्ही जाऊन विचारा."

मागं एक-दोघी पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. बबननं मान खाली घालून हॉलमध्ये जाऊन ड्रॉवर उघडला आणि किल्ली काढली, तर तोच ठोकळा. इतकी वर्षं जपून ठेवला होता मेल्यानं! मी कुलूप काढलं. म्हातारी आत जाऊन आली, "बरं झालं गं बाई," म्हणाली आणि निघून गेली. मग मी बबनला म्हटलं, "पेचकस आण." साहेब दारात येऊन म्हणाले, "ही शासकीय मालमत्ता आहे." मी म्हटलं, "मग शासनाला सांगा, माझ्या घरी येऊन घेऊन जावी." स्क्रू मीच काढले. बबन शेजारी हात पुढं करून उभा होता, एकेक स्क्रू धरायला.

तो कोयंडा आणि ठोकळा माझ्या खिडकीत आहेत. शासन अजून आलेलं नाही. परवा पेन्शनच्या कामाला कचेरीत गेले होते. काम काही झालं नाही, ते होतच नसतं. निघताना व्हरांड्यात गेले. दार आतून लावलेलं होतं, कुणीतरी आत होती. मी बाहेरच्या अंगाला अंगठा फिरवून बघितला. चार भोकं लागली, बाकी काही नाही. मग माझ्या जुन्या टेबलापाशी आले, बाटली काढली आणि पोटभर पाणी प्याले.